तंजावरात दोन तास

तंजावरवर मी एक कादंबरी लिहिली आहे, आणि ती लिहून छापून होईपर्यंत मी तंजावर पाहिलेले नव्हते, ही गोष्ट आजवर मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. कुणी विचारलेच तर “हो, पुष्कळ वाचावे लागले,” असे म्हणून मी विषय बदलीत असे. वाचावे लागले हे खरेच होते. गावच्या वाचनालयात मिळतील ती पुस्तके आणून, मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून मी व्यंकोजीराजांपासून शेवटच्या शिवाजीराजांपर्यंत सगळे वाचून काढले. पण माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी लहान वर्गांना शिकवण्याची, आणि सुट्टी म्हणाल तर दिवाळीची नि मेची. त्या सुट्टीत सासर-माहेर आटोपेपर्यंत शाळा सुरू! तंजावर कुठले जमायला? तेव्हा नकाशावर बोट ठेवून मी नायिकेला राजवाड्याच्या खिडकीत बसवले आणि खिडकीखालून कावेरी वाहती केली. पौर्णिमेच्या रात्री त्या पाण्यात चंद्र हलतो आणि तिला माहेरची कृष्णा आठवते, असे ते प्रकरण आहे. वाचकांची जी चार पत्रे आली ती त्याच प्रकरणाबद्दल. एका बाईंनी तर लिहिले होते की, तुम्ही कावेरी अगदी डोळ्यांपुढे उभी केलीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत योग आला. आमच्या ह्यांची प्रवाससवलत त्या वर्षी घेतली नाही तर बुडणार होती, आणि बुडणारा पैसा वाचवायचा म्हटले की आमच्या घरात उत्साहाला तोटा नसतो. रामेश्वर करायचे ठरले. वाटेत एक दिवस तंजावर. ‘वाटेत’ हा शब्द माझा. ह्यांनी तो रेल्वेच्या नकाशावर तीनदा तपासून मगच मान्य केला.

उतरलो त्या लॉजच्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवला होता. सकाळी साडेसहाला जुन्या राजधानीची पायी फेरी, वेळ दोन तास, भाषा इंग्रजी आणि तमिळ. त्याखाली कुणीतरी बॉलपेनने, पाटीवर नुकतीच अक्षरे गिरवायला लागलेल्या पोराच्या वळणाने, देवनागरीत लिहिले होते: मराठी. त्या एका शब्दासाठी मी पैसे भरले.

रात्रभर पाऊस झाला होता. तिकडे आश्विन-कार्तिकातच खरा पावसाळा. मोठ्या देवळाच्या बाहेरच्या दरवाजाशी एक सडसडीत गृहस्थ छत्री टेकून उभे होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरे वेष्टी, पांढरा सदरा, पायात रबरी चपला. फेरीला आम्ही दोघे आणि चेन्नईचे एक तरुण जोडपे, एवढेच होतो.

“कुठच्या तुम्ही?” त्यांनी मला मराठीत विचारले.

“साताऱ्याकडच्या.”

त्यांनी हात जोडले. नमस्कार मला नसून साताऱ्याला असावा.

त्यांची बोली मला कागदावर हुबेहूब उतरवता येणार नाही, आणि उतरवायचा प्रयत्न केला तर ती थट्टा वाटेल. शब्द आपलेच, काही तर आपण टाकून दिलेले, आजीच्या तोंडी ऐकलेले. पण वाक्य वर चढायचे, उतरायचे ते तमिळ सुरात. ओळखीचे लुगडे अनोळखी पद्धतीने नेसलेल्या बाईकडे पाहावे तसे पहिली दहा मिनिटे वाटत राहिले. तमिळ शेजारीपाजारी अशा मंडळींना ‘रायर’ म्हणतात. मीही त्यांना रायर म्हणू लागले.

“हा पहिला दरवाजा आपला,” ते म्हणाले. “मराठ्यांचा. पुढचे दोन चोळांचे, केरळांतक आणि राजराज. आत जावं तसे आपण संपतो.”

चोळ राजा पहिला राजराज याने हे बृहदीश्वराचे देऊळ बांधले. ते १०१० साली पुरे झाले. सुमारे दोनशे फूट उंचीचे शिखर ओल्या आभाळात उभे होते. त्याचे वर्णन मी करणार नाही. एकदा न पाहता वर्णन करून बसले आहे, तेवढे पुरे. मला थांबवले ते खालच्या जोत्याने. सगळ्या जोत्यावर तमिळ अक्षरे कोरलेली. रायर बोटाने दाखवीत गेले: राजाने काय दिले, कुणाला दिले, किती दिले. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावे त्यात आहेत, आणि प्रत्येकीचे घर कोणत्या आळीत, कितवे, तेही आहे. हजार वर्षांपूर्वीचा हजेरीपट मी प्रथमच पाहात होते. आमच्या शाळेतला मागच्या वर्षीचा सापडत नाही.

“शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, ती कुठली जागा?” ह्यांनी विचारले. हे त्यांनी गाडीत कुठल्याशा पुस्तिकेत वाचले होते.

“पडते,” रायर म्हणाले. “मी लहानपणापासून त्या सावलीत बसतो. फीमध्ये खोटं सांगणं धरलेलं नाही.”

चेन्नईच्या जोडप्याला ही सावली हवी होती असे दिसले. थोड्या वेळाने न्याहारीचे निमित्त करून ती दोघे गेली, ती पुन्हा आली नाहीत. फेरी आमची आमच्यातच राहिली.

प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीशी रायर थांबले. “आता तुमचं काम,” ते म्हणाले.

तिथे आपला लेख होता. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत लिहवून देवनागरीत कोरवून घेतला तो हा. भिंत सरते, कोपरा येतो, लेख चालूच. मी पुस्तकांत त्याबद्दल वाचले होते, कादंबरीत एक वाक्यही टाकले होते. पण त्या वाक्यात एवढी लांबी नव्हती. कुठे दगड झिजलेला, कुठे ओल धरलेली.

“मोठ्यानं वाचा,” रायर म्हणाले. “मला ही अक्षरं येतात, पण मुंगीच्या पावलानं. वाक्य हाती येईपर्यंत आधीचं निसटतं.”

मी वाचू लागले. वर्गात धडा वाचते तसे, ठसठशीत. अडखळत होते, गळलेले अक्षर अंदाजाने भरीत होते. रायर डोळे मिटून, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. देवदर्शनाला आलेल्या दोन-तीन बायका हे काय चालले आहे म्हणून थांबल्या, आणि पोथी असावी असे समजून नमस्कार करून गेल्या.

या सरफोजीराजांचा विचार तिथे उभे राहून पहिल्यांदा नीट केला. १७९८ साली गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. हाती राहिला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. त्यानंतर चौथ्या वर्षी हा लेख. माझ्या वर्गात एक मुलगा होता. खोड्या करतो म्हणून त्याची पाटी काढून घेतली, तर त्याने दाराच्या फळीवर आपले नाव आणि बापाचे, आजाचे नाव खिळ्याने कोरून ठेवले. मी त्याला शिक्षा केली होती. ती मला आता आठवायला नको होती.

देवळाशेजारीच शिवगंगेचे तळे आणि तळ्याशी १७७९ सालचे चर्च. आत इंग्लंडच्या फ्लॅक्समनने घडवलेले संगमरवरी शिल्प आहे. मरणाच्या बिछान्यावर जर्मन पाद्री श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी. दत्तक आलेल्या या मुलाच्या हक्कासाठी श्वार्ट्झ भांडला, त्याने त्याला शिकवले, आणि तो गेल्यावर हिंदू राजाने हे शिल्प मुद्दाम करवून घेऊन चर्चमध्ये बसवले. त्यात राजा उभा आहे तो शिष्यासारखा. मी मास्तरीण, मला ते देवळाइतकेच आवडले, हे इथे कबूल करून टाकते.

तिथून राजवाडा मैलभर असेल. रस्ता उठू लागला होता. दुकानांपुढे फटाके मांडलेले, इडलीच्या भांड्यांतून वाफ निघत होती. ह्यांचे गुडघे बोलू लागले म्हणून एका खानावळीत बसलो. सांबार वाढले गेले तसा ह्यांचा चेहरा उजळला. “संभाजीराजांवरून सांबार, नाही का हो?”

“सगळे सांगतात,” रायर म्हणाले. “मी नाही सांगत. कागद दाखवा म्हटलं तर मी काय दाखवू? त्यापेक्षा आमच्या घरचं विचारा.”

मग त्यांनी जी यादी सांगितली तिने मी चमच्यासकट थांबले. तंजावरकडे कारल्याची एक आमटी होते, तिला ‘पिट्लै’ म्हणतात. आपले पिठले! रसवांगी तर नावानेच मराठी. उडदाच्या भाजक्या पिठाचे दह्यातले डांगर. ते तिथल्या तमिळ घरांतूनही ‘डांगर पच्चडी’ म्हणून पानात येते. माझी आई गेल्यापासून आमच्या घरी डांगर झालेले नाही. कादंबरीत मी नायिकेला पंचपक्वान्ने वाढली होती.

राजवाडा आधी नायकांचा, मग मराठ्यांनी वाढवलेला. चौक, मनोरे, दरबार. कुठे रंग ताजा, कुठे चुना ढासळलेला. संगीत महालात रायर म्हणाले की, शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, मराठीतही नाटके लिहिली. त्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीला झाले १८४३ साली. मुलांकडून मराठी नाटकाची सुरुवात म्हणून मी १८४३ हाच आकडा पाठ करून घेत आले आहे. यंदा तो आकडा फळ्यावर लिहिताना खडू थोडा अडखळला.

वरच्या मजल्यावरच्या एका कमानीशी आलो तेव्हा मला राहवले नाही. बाहेर घरांची छपरे, पाण्याच्या टाक्या, नारळ.

“कावेरी कुठल्या बाजूला?” मी विचारले.

“कावेरी? तिरुवैयारूला. उत्तरेला, सात-आठ मैल. वाटेत वडवारू लागते, वेण्णारू लागते, आणखी दोन लागतात, मग कावेरी. पाच नद्या, म्हणून तर गावाचं नाव तिरुवैयारू. त्यागराजांची समाधी तिथंच.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी माझी एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही अशी माझी समजूत होती. ती त्या क्षणी गेली.

मग मी रायरांना सगळे सांगितले. खिडकी, चंद्र, पत्र लिहिणाऱ्या बाई, सगळे. ते पोट धरून हसले. “असू द्या हो बाई. उन्हाळ्यात इथं पाण्यासाठी किती हाल! तुम्ही आणलीत नदी, कुणी नको म्हणेल?” हसण्यात दोष काढण्याचा भाव नव्हता, म्हणून अधिकच लागले. दुसरी आवृत्ती निघाली तर ते प्रकरण दुरुस्त करायचे मी तिथेच ठरवले. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही; त्यामुळे कावेरी अद्याप तिथूनच वाहते आहे.

सरस्वती महाल पाहायला मला दिवस कमी पडला असता. मूळ ग्रंथसंग्रह नायकांचा, तो वाढवला सरफोजींनी. ताडपत्रे, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी पोथ्या, आणि युरोपातून मागवलेली पुस्तके. माणसांचे चेहरे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी काढलेली फ्रेंच चित्रकार ल ब्रँची चित्रे तिथे आहेत. त्यातल्या एका घुबडाशेजारचा माणूस ह्यांच्या साहेबांसारखा दिसतो यावर आमचे लगेच एकमत झाले. राजाने डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह करवून ठेवल्या होत्या. छापखाना काढला होता. १८०६ साली तिथे इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, ‘बालबोध मुक्तावली’ नावाने. कोल्हा आणि द्राक्षे मी दरवर्षी जून महिन्यात सांगते. ती मराठीत प्रथम छापली ती तंजावरात, हे मला ठाऊक नव्हते. राज्य हातून गेलेला राजा मुलांसाठी गोष्टी छापीत बसला होता.

आणि मोडी. काचेखाली काही कागद होते. तसे गठ्ठेच्या गठ्ठे तिथे आहेत, दरबाराचे, देवळांचे, खर्चाचे. रायर त्या काचेपुढे जरा जास्त वेळ थांबले. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. दोन तासांची फेरी चार तासांची झाली होती.

“घरी याल?” त्यांनी विचारले. “जवळच आहे. हे फेरीत धरलेलं नाही.”

घर एका अरुंद गल्लीत. ओटा, लाकडी खांब, दारात पावसाने अर्धवट पुसलेली रांगोळी. रायरांच्या पत्नीने मला आत नेले ते थेट स्वयंपाकघरात, आणि दहा मिनिटांत आम्ही दोघी अशा बोलू लागलो की कुणाची मराठी कुठली याचे भान राहिले नाही. त्यांनी दिवाळीचा लेह्यम चाखवला: सुंठ, मिरे, ओवा, गूळ, तूप घालून आटवलेला. त्यांच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग झाले की आधी तो खायचा, मग फराळ. आणि भेटेल त्याला विचारायचे, गंगास्नान झाले का? मुलगा चेन्नईला असतो. सून तमिळ, गुणी आहे. नातू इंग्रजीत बोलतो. “आम्ही दोघं भांडतो ते मात्र मराठीत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला कळत नाही, बरं असतं.”

बाहेर आले तो रायर एक पत्र्याची पेटी उघडून बसले होते. फडक्यात गुंडाळलेला एक कागद त्यांनी काढला. जाड, पिवळा, कडा खाल्लेल्या, खालचा तुकडा फाटून गेलेला. एका लांब रेघेखाली अक्षरांची साखळी, मग दुसरी रेघ, दुसरी साखळी. मोडी.

“आमचे पूर्वज दप्तरात कारकून होते,” ते म्हणाले. “राजा गेला १८५५ साली. मुलगा नाही म्हणून कंपनीनं सगळं घेतलं. दप्तर सुटलं, घरात हा एवढा कागद राहिला. माझ्या वडिलांनाही वाचता येत नव्हता. सरकारी माणसाला दाखवायला भीती वाटते, ठेवून घेतला तर? तुम्ही साताऱ्याच्या. मराठी शिकवता. इतिहासावर पुस्तक लिहिलंत.” आणि त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मला मोडी येत नाही.

आजोबांना येत होती. आमच्या माळ्यावर त्यांच्या वह्या होत्या, त्या मी लहानपणी पाहिल्या होत्या. एका दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत गेल्या. कादंबरी लिहिताना मोडी कागदांचा आधार जिथे लागला तिथे इतरांनी वाचलेले मी वाचले. हे सगळे मी त्यांना सांगायला हवे होते. मी फक्त मान हलवली. देवळात धडाधडा वाचणारी बाई ती, आणि आता कागद उलटा आहे की सुलटा एवढेही तिला सांगता येत नव्हते.

“असं होय,” रायर म्हणाले. रागावले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, फडके गुंडाळले. मग माझे मलाच सुचले आणि मी विचारले, फोनवर याचा फोटो घेऊ का? ते घुटमळले. पत्नीने आतून काहीतरी म्हटले आणि त्यांनी फडके पुन्हा सोडले.

निघताना ह्यांनी पाकीट काढले. त्यांनी दोन तासांचेच पैसे घेतले. “पुढचे दोन आपले,” म्हणाले.

रामेश्वर केले, पुण्य पदरी पडले, परत आलो. शाळा सुरू झाली. गावात भूमिअभिलेखातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. ते मोडी शिकवतात असे कळले. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. वर्गात मी एकटीच, आणि छडी नसली तरी दरारा होता. आधी सबंध रेघ ओढायची, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे तिला टांगायची. हात उचलायचा नाही. शब्द कुठे संपला ते सांगायचे नाही, वाचणाऱ्याने ओळखावे. इकार एकच, उकार एकच. अर्धे आयुष्य मी ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापण्यात घालवले, आणि ही लिपी म्हणते, काय फरक पडतो?

संक्रांतीच्या सुमारास फोटोतली पहिली ओळ सुटली. ‘खर्च दिपवाळी.’ मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने ओरडले. ना राजकारण, ना सनद, ना गुप्त खलिता. एका घरातला दिवाळीचा हिशेब! पुढच्या ओळी आठवड्याला एक या गतीने आल्या. गूळ. सुंठ. वाती. मग एका ठिकाणी गाडी अडली. ‘तेल’ हे स्पष्ट होते, आकडा तीन होता, आणि मध्ये एक शब्द. मी तो ‘पुडी’ वाचला. तेलाची पुडी? आजोबांनी भिंगातून पाहिले, तेही पुडीच म्हणाले, पण त्यांचेही मन खाईना.

रविवारी मी रायरांना फोन लावला. सगळी यादी वाचून दाखवली. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. “आणि तेल तीन पुडी,” मी म्हटले, “हे काही लागत नाही.”

“पडी!” ते ओरडले. “पडी, पडी! माप आहे आमच्याकडचं. आपला शेर असतो तसं. तेल तीन पडी!” आणि त्यांनी आत हाक मारून ते पत्नीला सांगितले, त्यांचेही हसणे ऐकू आले. मी फोटो मोठा करून पाहिला. उकार नव्हताच. वरच्या ओळीतल्या अक्षराची शेपटी खाली आली होती.

त्यानंतर आमचा रिवाजच पडला. रविवारी सकाळी मी आठवड्याची ओळ वाचायची, अडेल तिथे त्यांनी शब्द पुरवायचा. कधी तो तमिळ निघे, कधी असा मराठी निघे की मला कोश पाहावा लागे. पावसाळ्यात शाळेच्या कामामुळे तीन आठवडे खंड पडला, तर त्यांचाच फोन आला: पुढे काय घेतलं त्यांनी?

परवा शेवटची ओळ लागली. तिच्याखाली कागद फाटला आहे. आधी मला नाव वाटले होते, पण ते नाव नव्हते. ‘धाकटीस लुगडे १.’

मी ती फोनवर वाचली. रायर बराच वेळ बोलले नाहीत. मग फोन पत्नीने घेतला असावा, कारण आवाज बाईचा होता.

“रंग लिहिलाय का हो कुठला ते?” त्यांनी विचारले.

लुगड्याच्या पुढे, फाटलेल्या कडेशी, एक अक्षर आहे. ‘हि’ असेल, किंवा ‘पि’ असेल. “थांबा हं,” मी म्हटले, आणि चष्मा शोधायला उठले.